मुलीला न्यूक्लिअर फिजिक्स करायचंय, सरकारी पैसा नक्की कुठे आणि कधी मिळतो?

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहतो, महापे एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. मुलगी ठाण्याच्या कॉलेजात टीवाय बीएस्सीला, विषय फिजिक्स. आमच्या घरात एवढं शिकणारी ही पहिलीच. तिला न्यूक्लिअर फिजिक्समध्येच पुढे जायचं आहे, दुसरं काही बोललं की जेवणावरून उठते.

मागच्या आठवड्यात परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठातून फोन आला. न्यूक्लिअरचा दोन वर्षांचा कोर्स, फी आणि हॉस्टेल मिळून साडेसात लाख. आठ दिवसांत पंचवीस हजार भरून सीट पक्की करा म्हणाले, ते पैसे परत मिळणार नाहीत. आमचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आसपास. भाऊ म्हणतो एज्युकेशन लोन काढ, मी जामीन राहतो. मुलगी म्हणते, बाबा, या विषयात आपण पैसे भरायचे नसतात, सरकारच आपल्याला देतं. पण कुठे देतं, कधी देतं, हे तिलाही नीट सांगता येत नाही.

बजेटमध्ये अणुऊर्जेला २०,००० कोटी दिल्याचं ऐकलं होतं. त्यातले काही विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांना मिळतात का? मध्यंतरी मुलींची फी माफ झाल्याचंही ऐकलं, ते एमएस्सीला लागू आहे का? आणि एक घरचा प्रश्न, हसू नका. माझी आई म्हणते मुलीच्या जातीने रेडिएशनमध्ये काम करू नये, पुढे मूलबाळ व्हायला त्रास होतो. तिला काय उत्तर देऊ?

धाकटा अकरावी सायन्सला आहे. तोही ताईच्या मागे मागे चाललाय. माहीतगारांनी मोकळेपणाने सांगावं.

घणसोलीकर

दादा, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, जागा थोड्या आणि अर्ज ढिगाने. माझ्या चुलत भावाने एमएस्सी फिजिक्स करून तीन वर्षं परीक्षा दिल्या, आता क्लासमध्ये शिकवतो. सरकारचा पैसा मोठ्या संस्थांना जातो, आपल्यासारख्यांच्या पोरांपर्यंत येत नाही. तिला एमसीए किंवा डेटा सायन्सला घाला. लोन काढायचंच असेल तर निदान नोकरी लागेल अशा कोर्सला काढा.

नौपाडा_फिजिक्स

दादा, पहिलं काम म्हणजे ते पंचवीस हजार भरू नका. बाकीचं निवांत वाचा, मी लांब लिहिणार आहे.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. एमएस्सीच्या न्यूक्लिअर प्रॅक्टिकलची बॅच बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तुमच्या मुलीचं म्हणणं खरं आहे. आपल्या देशात अणुविज्ञान शिकायला सरकार पैसे देतं आणि सढळ हाताने देतं. पण तो पैसा बहुतेक एमएस्सीनंतर सुरू होतो. त्याआधीच्या पाच वर्षांत, विशेषतः आपल्या राज्य विद्यापीठाच्या कॉलेजांत, तो फार थोडा पोचतो. घणसोलीकरांना जे दिसलं ते याच पाच वर्षांतलं आहे. त्यांच्या भावाची गोष्ट मी खोटी म्हणणार नाही, अशी मुलं माझ्या वर्गातूनही गेली आहेत.

हे असं का झालं, ते थोडं मागे जाऊन सांगते. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. अणुऊर्जेपासून वीज करायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, ते इथेच तयार असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४५ मध्ये टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली, १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग, १९५७ मध्ये ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल. म्हणजे माणसं घडवायचं काम विभागाने स्वतःच्या घरात घेतलं. तिकडे कोलकात्यात मेघनाद साहांनी १९४० मध्येच विद्यापीठाच्या एमएस्सीला न्यूक्लिअर फिजिक्स लावलं होतं. हे संशोधन विद्यापीठांमध्येच वाढावं असा त्यांचा आग्रह होता. देशाने भाभांचा रस्ता घेतला. त्या रस्त्याने काय मिळालं ते आपल्याला ट्रॉम्बे आणि तारापूरला दिसतं, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण विद्यापीठांतले फिजिक्स विभाग मागे राहिले, हेही तितकंच खरं. साहांचं म्हणणं आपण अजून पुरतं ऐकलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत विद्यापीठांच्या आवारात सुमारे २५ छोट्या अणुभट्ट्या आहेत. त्यांना लागणारं इंधन तिथलं ऊर्जा खातं पुरवतं. ओरेगॉन राज्यात रीड म्हणून एक कॉलेज आहे, तिथे १९६८ पासून २५० किलोवॅटची भट्टी आहे आणि पदवीचे विद्यार्थी परवाना काढून ती चालवतात. तुमच्या मुलीच्या वयाची मुलं! आपल्याकडे कॉलेजच्या आवारात भट्टी असावी असं मी म्हणत नाही. पण बीएस्सीच्या मुलीने स्वतःच्या हाताने गॅमा स्पेक्ट्रम घेतलेला असावा, एवढं तरी मागायला हवं.

आपल्या विद्यापीठांकडे काहीच येत नाही असं मात्र नाही. अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस नावाचं मंडळ आहे, ते विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना संशोधन प्रकल्प देतं आणि त्या प्रकल्पावर फेलो नेमता येतो. यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग यांचं मिळून एक कन्सॉर्शियम आहे, मुख्यालय इंदूरला आणि एक केंद्र मुंबईत. त्यामुळे साध्या विद्यापीठाच्या संशोधकालाही ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतली न्यूट्रॉनची शलाका वापरता येते. दिल्लीला यूजीसीने १९८४ मध्ये उभं केलेलं इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर आहे. तिथे पेलेट्रॉन नावाचं कणांना वेग देणारं यंत्र आहे आणि विद्यापीठाच्या माणसाला बीमटाइमचे, म्हणजे ते वापरायच्या वेळेचे, पैसे पडत नाहीत, फक्त प्रस्ताव पटला पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीने पीएचडीचा सगळा डेटा तिथे घेतला. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून प्रॅक्टिकलला येणारी मुलगी, आणि तिच्या नावावर त्या यंत्राच्या शिफ्ट लागल्या होत्या. याच सेंटरने शाळा-कॉलेजांसाठी एक्सपआइज नावाचं स्वस्त उपकरणही बनवलं. लॅपटॉपला जोडलं की त्यावर कितीतरी प्रयोग करता येतात. सरकारी पैशाचं याहून चांगलं काम मी फारसं पाहिलेलं नाही.

आता अडतं कुठे ते सांगते. आमच्या लॅबमध्ये किरणोत्सर्ग मोजणारा जीएम काउंटर आहे, सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आहे, किरणोत्सर्गी पदार्थाचे काही छोटे सीलबंद सोर्स आहेत. हे सगळं एकरकमी अनुदानातून आलं. अशी अनुदानं असतात. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना आहे, उच्च शिक्षणासाठी आधी रुसा होती आणि २०२३ पासून पीएम-उषा आहे. यातून उपकरण घेता येतं. पण कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आहे. साडेदहा वर्षांपूर्वी घेतलेला सोर्स आज पाव उरला. थॅलियम-२०४ तर पावणेचार वर्षांतच अर्धा होतो. नवीन सोर्स घ्यायचा तर खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हा प्रश्न दरवेळी उभा राहतो. डिटेक्टरच्या फोटोमल्टिप्लायरला लागणारा हाय व्होल्टेज सप्लाय बंद पडला की दुरुस्तीला पैसे नाहीत. लॅब असिस्टंट निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षं रिकामी. मग मुलं जुन्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात. जिवंत काउंट मोजायची संधी न मिळालेली मुलगी उद्या मुलाखतीत डेड टाइम म्हणजे काय हे पाठ करून सांगेल, पण बोर्डाला कळतंच.

म्हणून माझी मागणी एकच आहे, आणि ती मी जिथे बोलावतील तिथे मांडते. अणुविज्ञानासाठी कॉलेजांना उपकरण देताना पुढच्या दहा वर्षांचा चालवायचा खर्चही द्या. सोर्स बदलणं, दुरुस्ती, एक माणूस. मोठ्या प्रकल्पांच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे. तुम्ही म्हणता ते २०,००० कोटी फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये अणुऊर्जा मिशनसाठी जाहीर झाले. ते छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी आहेत, २०३३ पर्यंत अशा किमान पाच चालू करायच्या आहेत. कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी त्या घोषणेत वेगळी तरतूद नव्हती. ती असायला हवी होती.

मुलीचं सांगते. एमएस्सी साध्या फिजिक्समध्येच करू दे, न्यूक्लिअर हा स्पेशल विषय घेऊन. कलिनाला मुंबई विद्यापीठात किंवा संलग्न कॉलेजात फी हजारांत असते, लाखांत नाही. त्याचबरोबर आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आणि इतर संशोधन संस्थांसाठी जेस्ट, या तिन्ही द्याव्यात. टीआयएफआरला बीएस्सीनंतर इंटिग्रेटेड पीएचडी असते आणि पहिल्या महिन्यापासून स्टायपेंड मिळतो. एमएस्सीला असताना नेट दिली आणि जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं. पुण्याचाही विचार करा. तिथल्या विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात स्वतःचा मायक्रोट्रॉन आहे, आणि विद्यापीठाच्या आवारात अ‍ॅक्सिलरेटर असणं आपल्या राज्यात दुर्मिळ.

मुलींची फीमाफी २०२४ ची आहे, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या एमएस्सीला धरून चालू नका. तुमच्या प्रवर्गाला लागू असेल ती शिष्यवृत्ती महाडीबीटीवर बघा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर गर्दी होते.

धाकट्याची गोष्ट वेगळी, त्याच्यासाठी दार आत्ताच उघडं आहे. बारावीनंतर नेस्ट नावाची परीक्षा देऊन कलिनाच्या सीईबीएसला किंवा भुवनेश्वरच्या नायसरला पाच वर्षांची एमएस्सी करता येते. दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या पैशावर चालतात. तिथल्या मुलांना दिशा योजनेतून वर्षाला ६०,००० आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० मिळतात. सीईबीएस २००७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाच्या आवारातच, आणि ठाण्यातल्या किती मुलांना ते माहीत असतं? बारावीच्या वर्गात सांगायला जाते तेव्हा सगळ्यांना जेईई आणि नीट माहीत असते, नेस्ट माहीत असलेला हात क्वचित वर येतो.

नेरुळ_पूर्व

मॅडमनी सविस्तर लिहिलंय. मी अणुऊर्जा विभागात नोकरीला आहे, म्हणून जाहिरातीत छापलेलं असतं तेवढंच लिहितो.

ट्रेनिंग स्कूलच्या एक वर्षाच्या कोर्सला ओसीईएस म्हणतात. एमएस्सी फिजिक्स, ६० टक्के, खुल्या प्रवर्गाला वयाची अट २६, राखीव प्रवर्गांना सवलत. निवड गेटच्या गुणांवर किंवा त्यांच्या स्वतःच्या ऑनलाइन परीक्षेतून, मग मुलाखत. वर्षभर शिकवायचे पैसे घेत नाहीत, उलट दरमहा स्टायपेंड देतात आणि पुस्तकांसाठी एकदा वेगळी रक्कम. आकडा त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. कोर्स पार पडला की सायंटिफिक ऑफिसर सी, मूळ पगार ५६,१००. तीन वर्षं विभागात काम करण्याचा बाँड असतो. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट २००५ पासून अभिमत विद्यापीठ आहे, त्याचा पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो.

साडेसात लाखांचा कोर्स केला म्हणून इथे एक मार्कही जास्त मिळत नाही. मुलाखतीत पायाच तपासतात. बीटा क्षयात इलेक्ट्रॉनची ऊर्जा एकच का नसते, सलग पट्टा का दिसतो? बंधनऊर्जेच्या सूत्रातलं प्रत्येक पद कुठून आलं? फळ्यावर काढून दाखवावं लागतं. येत नसेल तर येत नाही म्हणावं, बोर्ड दुसरं विचारतं. ठोकून दिलं की तिथेच अडकवतात.

घणसोलीकरांना एवढंच सांगेन की स्पर्धा खरी आहे, पण या अभ्यासातून फक्त बीएआरसीचाच रस्ता निघत नाही. अणुवीज करणारी एनपीसीआयएल आहे, कल्पक्कम आणि इंदूरला विभागाच्या संस्था आहेत. आणि खाली कोणीतरी हॉस्पिटलच्या बाजूने लिहील अशी आशा आहे, कारण तिथे माणसं कमी पडतात.

खारघरची_मी

हॉस्पिटलच्या बाजूने मी लिहिते. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. माझे वडील कळव्याला कारखान्यात फिटर होते, त्यामुळे दादांची पोस्ट दोनदा वाचली.

एमएस्सी फिजिक्सनंतर अणुशक्तीनगरला बीएआरसीचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, रेडिओलॉजिकल फिजिक्सचा. त्यानंतर रेडिओथेरपी विभागात वर्षभर इंटर्नशिप. मग तुम्ही कॅन्सरच्या पेशंटच्या उपचाराचं नियोजन करता. कुठल्या कोनातून किती डोस, बाजूच्या निरोगी अवयवाला किती जाईल, सगळा हिशोब तुमचा. एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमानुसार रेडिओथेरपी केंद्राला मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतोच, त्याशिवाय मशीन चालू करता येत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रं वाढताहेत, म्हणजे जागाही वाढताहेत.

आणि हे सगळं तुमच्या घराजवळ आहे. ऐरोलीहून ठाणे-वाशी लोकल पकडली की वाशीला ब्रिट, तिथून देशभरातल्या हॉस्पिटलांना रेडिओआयसोटोप जातात. त्यातल्याच मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास, साठवून ठेवताच येत नाही, आठवड्याचं चक्र चुकवून चालत नाही. ब्रिटच्याच वाशीच्या प्लांटमध्ये मसाल्यांवर किरणोत्सर्गाची प्रक्रिया होते. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, तिथे २०२३ पासून प्रोटॉन थेरपी आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, ते बीएस्सीच्या मुलांसाठी नियस नावाचा कार्यक्रम चालवतं. धाकटा पुढे बीएस्सीला गेलाच तर पहिल्याच वर्षी त्याला तिथे पाठवा.

आता आजींचं. त्यांची काळजी मनापासूनची आहे, तिला उत्तरही तसंच द्यायला हवं. आम्ही छातीला टीएलडी बॅज लावतो, किती डोस मिळाला ते त्यावर मोजलं जातं आणि नोंद आयुष्यभर राहते. डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. जमिनीतून, हवेतून, अन्नातून प्रत्येक माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिळतोच. बाई गरोदर असल्याचं तिने कळवलं की पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, आणि काम त्या हिशोबाने बदलून देतात. मी स्वतः दोन्ही बाळंतपणं याच नोकरीत केली. मुलं कोपरखैरण्याच्या मैदानावर दिवसभर फुटबॉल खेळतात. आजींना हवं असेल तर फोनवर बोलेन, निरोप पाठवा.

घणसोलीकर

खारघरच्या मॅडम, तुमची पोस्ट वाचून भावाला पाठवली. रेडिओलॉजिकल डिप्लोमाचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वय वाढलंय, तरी चौकशी करतोय. नौपाड्याच्या मॅडमना एक शंका आहे. वर्षाला मोजकीच मुलं या विषयात जातात. तेवढ्यांसाठी प्रत्येक कॉलेजला कायमचा खर्च द्या म्हणणं सरकारला परवडेल का? शाळांची छपरं गळताहेत, तिथे पैसे नकोत का?

नौपाडा_फिजिक्स

छपरं आधी, यात वादच नाही. आणि भावाला शुभेच्छा, त्याने या वर्षीची जाहिरात आणि अटी स्वतः डोळ्याखालून घालाव्यात.

प्रत्येक कॉलेजला द्या असं मी म्हणत नाही. ठाणे जिल्ह्यात एक चांगली न्यूक्लिअर लॅब असावी, कुठल्याही कॉलेजात. बाकीच्यांची मुलं ठरलेल्या दिवशी तिथे येतील. मुरबाड, शहापूरची मुलंसुद्धा. दिल्लीच्या सेंटरने हेच देशपातळीवर केलं, एक यंत्र आणि सगळ्या विद्यापीठांना वापर. तेच जिल्ह्याच्या पातळीवर आणा. सोर्स एकाच ठिकाणी राहतील, त्यांची नोंद आणि देखरेख नीट होईल, एक प्रशिक्षित माणूस पुरेल.

आणि मुलं मोजकीच जातात याचं एक कारण लॅबच नसते हेही आहे. देशाची अणुवीज २०२५ मध्ये ९ गिगावॅटच्या आत होती. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं उद्दिष्ट जाहीर झालंय. ते पूर्ण होवो, अर्धं होवो, त्यासाठी लागणारी माणसं आज शाळेत आणि कॉलेजात आहेत. भट्टी चालवणारे, वेल्ड तपासणारे, किरणोत्सर्ग मोजणारे, नियामक संस्थेत बसून ठामपणे नाही म्हणणारे. ही सगळी एका ट्रेनिंग स्कूलमधून कशी येतील? हॉस्पिटलांना लागणारी वेगळीच. आणि अणुऊर्जेला विरोध करणारा नागरिकसुद्धा मला शिकलेला हवा. जैतापूरच्या वेळी दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं, त्यातल्या कितीतरी गोष्टी साध्या काउंटरसमोर एक दुपार घालवली असती तर कोणी बोललंच नसतं.

ऐरोली_सेक्टर८

सगळ्यांचे आभार. पैसे भरले नाहीत. त्यांचा परत फोन आला तर मुलीनेच घेतला आणि तुमची परीक्षा कुठली, प्रयोगशाळेत डिटेक्टर कुठले, असं विचारत बसली. त्यांनी ठेवून दिला.

आईला खारघरच्या ताईंची पोस्ट वाचून दाखवली. तिने विचारलं, त्या बाईंना फोन कधी करायचा?

मॅडम, मुलीला दाखवल्यावर ती म्हणाली आमच्या कॉलेजातही तेच आहे, जीएम काउंटर चालतो पण अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांचा सेट अर्धा हरवलाय, म्हणून बीटा कण धातूत किती आत जातात ते मोजायचा बीटा अ‍ॅबसॉर्प्शनचा प्रयोग होत नाही. मी रोज अ‍ॅल्युमिनियमच कापतो. मालकांना विचारलं, उरलेल्या पत्र्यातून करून द्या म्हणाले. किती जाडीचे, किती आकाराचे लागतात ते सांगाल का? तुमच्या लॅबलाही देतो, पैसे नकोत.

नौपाडा_फिजिक्स

दादा, नक्की हवेत, आणि मनापासून धन्यवाद.

५ सेंटिमीटर चौरस करा, आमचे आणि बहुतेक कॉलेजांचे होल्डर त्याच मापाचे असतात. तरी मुलीला तिच्या कॉलेजचा होल्डर मोजून आणायला सांगा. जाडी ०.१ मिलिमीटरपासून सुरू करा. ०.१ चे पाच, ०.२ चे पाच, ०.५ चे चार, १ चे चार. एवढ्यात तुकडे एकमेकांवर लावून सगळ्या पायऱ्या मिळतात. स्ट्रॉन्शियम-९० सोबतच्या यिट्रियमचे बीटा कण अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ४ मिलिमीटरपर्यंत जातात, म्हणून तिथवरची जाडी हाताशी हवी. थॅलियमला साधारण १.१ मिलिमीटर पुरतो.

कडा घासून घ्या, मुलांची बोटं कापतात. पत्रा वाकलेला नको. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक तुकड्याची जाडी मायक्रोमीटरने चारही कोपऱ्यांत मोजून सरासरी काढा आणि आकडा त्यावरच कोरा. चिकटपट्टी लावू नका, तिचीही जाडी मोजणीत येते. शक्यतो शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वापरा, मिश्रधातू असेल तर ग्रेड कळवा, घनता वेगळी धरावी लागेल. आम्ही हिशोब जाडीऐवजी दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम असा करतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा ०.१ मिलिमीटर म्हणजे २७. हे गणित मुलीला करू द्या, तुम्ही फक्त वजन आणि माप द्या.

सेट तयार झाला की तिला घेऊन शनिवारी दुपारी कॉलेजात या. मुलं नसतात, काउंटर मोकळा असतो. तिच्या प्राध्यापकांनाही बोलवा, त्यांच्याशी मला जिल्ह्याच्या लॅबच्या प्रस्तावाबद्दल बोलायचंच आहे. पीएम-उषासाठी विद्यापीठाकडे जाणाऱ्या मागणीत हे घालता येईल का ते बघते आहे, आणि एकापेक्षा जास्त कॉलेजांच्या सह्या असल्या तर बरं. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरमध्ये निघतो, तोवर तिने मागच्या वर्षांचे पेपर सोडवायला घ्यावेत.